पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च आणि त्याची तपासणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, म्हसवड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात वक्ता बहुधा शिक्षणाचे महत्त्व सांगतो. ते महत्त्व आपणांस पटलेले आहे म्हणूनच आपण बाजारहाट आणि शेतीची कामे बाजूला ठेवून मुलांबरोबर येथे येऊन बसला आहात. तेव्हा तेच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेणार नाही. मी भूगोल शिकवतो. आज मी उन्हाविषयी बोलणार आहे. त्याहीपेक्षा ऊन मोजणाऱ्या उपकरणांविषयी, आणि ती उपकरणे खरे सांगतात की नाही हे कसे तपासतात त्याविषयी. विषय शास्त्राचा आहे आणि मी पडलो बी.ए., बी.एड. त्यामुळे अवघड गणिते माझ्या तोंडून येणार नाहीत याची खात्री बाळगा.

माणदेशातल्या माणसाला ऊन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. चैत्र-वैशाखात माणगंगेच्या कोरड्या पात्रातून चालत गेलेल्या माणसाला ते पायांनी कळते. पण ते किती आहे, हे पायांनी कळत नाही. ते मोजावे लागते.

सूर्याकडून पृथ्वीपर्यंत येणारी उष्णता ही आपली जमा. वातावरणाच्या वर, सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १३६१ वॅट इतकी ऊर्जा सतत येत असते. शंभर वॅटचे जुने बल्ब डोळ्यांसमोर आणा. तसे तेरा-चौदा बल्ब एका चौरस मीटरात. परंतु पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे. तिच्या निम्म्या भागावर रात्र असते आणि दिवसाच्या भागातही सूर्य सगळीकडे डोक्यावर नसतो. आपल्या म्हसवडलासुद्धा तो अगदी बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, एकदा मेच्या १० तारखेच्या सुमारास आणि एकदा ऑगस्टच्या आरंभी. चेंडूची सावली जेवढी पडते त्याच्या चौपट चेंडूचा पृष्ठभाग असतो, म्हणून १३६१ ला चाराने भागायचे. सरासरी जमा निघते चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट.

आता खर्च पाहू. या ३४० पैकी सुमारे १०० वॅट ढग, बर्फ, वाळवंटे आणि हवेतील धूळ यांच्यावर आपटून जसेच्या तसे परत जातात. उरलेल्या २४० वॅटनी जमीन, पाणी आणि हवा तापते, आणि तापलेली पृथ्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या दीर्घ लहरींच्या रूपाने ती उष्णता अवकाशात सोडते. दिवसभर तापलेला दगड रात्री शेक देतो, तसेच. येणे आणि जाणे बरोबरीत राहिले तर पृथ्वीचे तापमान स्थिर राहते. आज ते बरोबरीत नाही. येते त्यापेक्षा जाते थोडे कमी, आणि हा फरक आहे चौरस मीटरला एका वॅटच्या आसपास.

एक वॅट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण तो दर चौरस मीटरला आहे. म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरवर एक हजार किलोवॅटची शेगडी अहोरात्र चालू, आणि पृथ्वीचे क्षेत्रफळ आहे ५१ कोटी चौरस किलोमीटर. समुद्र तापतो आहे, हिमनद्या वितळताहेत, हे सारे या एका वॅटच्या जोरावर चालले आहे.

पालकांपैकी ज्यांचा दुकानाचा व्यवसाय आहे त्यांना माझी पुढची अडचण लगेच कळेल. समजा, गल्ल्यात दिवसाकाठी ३४० रुपये आले, ३३९ गेले, आणि शिल्लक दाखवली एक रुपया. पण मोजणारा नोकर रोज तीन-चार रुपयांनी इकडेतिकडे चुकतो हे आपल्याला ठाऊक आहे. मग तो एक रुपया खरी शिल्लक आहे की मोजणीतली चूक? आजचे भाषण या एका प्रश्नावर आहे.

बाजारात तराजूला पासंग असला तर अनुभवी माणूस काय करतो? पारडी अदलाबदल करून पाहतो. किंवा तोच माल दुसऱ्या काट्यावर टाकतो. वजने-मापे खात्याचा निरीक्षक शिक्का मारतो तो तरी कशाच्या आधारावर? त्याच्याजवळ दुकानदाराच्या वजनापेक्षा अधिक खात्रीचे वजन असते, आणि ते त्याहून खात्रीच्या वजनाशी ताडून पाहिलेले असते. अशी ही साखळी वरपर्यंत जाते. उन्हाच्या मोजमापाचीही अशीच साखळी आहे आणि तिची एक महत्त्वाची कडी आपल्या पुण्यात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगात ऊन मोजण्याची दोन मापे चालत होती. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांचे १९०५ चे माप, आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे १९१३ चे माप. एकाच सूर्याकडे एकाच वेळी पाहिले तरी दोहोंत सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक येई. सन १९५६ मध्ये तडजोड झाली. एकाचे माप दीड टक्क्याने वाढवले, दुसऱ्याचे दोन टक्क्यांनी कमी केले आणि नवे आंतरराष्ट्रीय माप ठरवले. भावकीतल्या बांधाचा वाद मिटवावा तसा हा निकाल होता. भांडण मिटले, पण खरे माप कोणते हे काही त्यातून ठरले नाही. पुढे अधिक चांगली उपकरणे निघाली. त्यांत काळ्या पोकळीत ऊन शोषून घेतात, आणि तेवढीच उष्णता विजेने निर्माण करायला किती वीज लागली ते मोजतात. या उपकरणांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक प्रमाण माप ठरले तेव्हा १९५६ ची तडजोडही सुमारे २.२ टक्क्यांनी कमी भरत होती असे निघाले. दोन पक्षांचे एकमत झाले म्हणजे ते सत्य असतेच असे नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

हे प्रमाण माप स्वित्झर्लंडमधील दावोस या डोंगराळ गावी सांभाळले जाते. १९५९ पासून दर पाच वर्षांनी निरनिराळ्या देशांची उपकरणे तेथे नेतात, एका ओळीत मांडतात आणि सगळ्यांची तोंडे एकदम सूर्याकडे करतात. ढग आला की काम बंद, ढग गेला की पुन्हा सुरू. (२०२० ची तुलना साथीमुळे २०२१ मध्ये झाली.) तेथून ताडून आणलेल्या उपकरणाशी मग आपापल्या देशातली उपकरणे ताडायची. भारतात हे काम पुण्याच्या हवामान खात्याच्या प्रयोगशाळेत होते, आणि जागतिक हवामान संघटनेने पुण्याला आशिया खंडासाठी एक विभागीय प्रारण केंद्र म्हणून मान्यता दिलेली आहे. प्रारण म्हणजे किरणांच्या रूपाने येणारी-जाणारी ऊर्जा.

पुण्याच्या या कामाचा पाया घालणाऱ्यांत एक बाई होत्या, ॲना मणी. येथे बसलेल्या मुलींनी आणि मुलींच्या पालकांनी हे नाव लिहून ठेवावे. १९१८ साली त्रावणकोरमध्ये जन्म. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवर संशोधन केले, प्रबंध सादर केला, पण एम.एस्सी. ची पदवी नाही या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. इंग्लंडमध्ये त्या हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली परत येऊन पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. मणीबाईंनी शंभराच्या जवळपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात तयार करण्याची वाट मोकळी केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. भारतातील सौर प्रारणाविषयीचे त्यांचे ग्रंथ १९८० व १९८१ साली निघाले, आणि पुढे सौरऊर्जेची कामे करणाऱ्यांना ते आधाराचे झाले. आज आपल्या तालुक्यात शेतावर सौर पंप बसतात, त्यांच्या हिशेबामागे अशाच कामाची परंपरा आहे. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, असे त्यांचे मत होते. २००१ साली त्या वारल्या.

हे झाले जमिनीवरचे. जमिनीवर आपल्याला फक्त खाली पोचलेले ऊन कळते. पृथ्वी वर किती परत पाठवते हे पाहायचे तर वर जाऊन खाली पाहिले पाहिजे. ते काम उपग्रहाचे. अमेरिकेतील व्हर्नर सुओमी या शास्त्रज्ञांचे साधेसे उपकरण ऑक्टोबर १९५९ मध्ये एक्सप्लोरर-७ या उपग्रहावरून वर गेले आणि पृथ्वीच्या जमाखर्चाची पहिली नोंद झाली. त्यानंतर निंबस मालिका, १९८४ साली ईआरबीएस, आणि १९९७ पासून 'सेरेस' नावाची उपकरणे. सेरेसची जोडी टेरा या उपग्रहावर १९९९ मध्ये आणि दुसरी जोडी ॲक्वावर २००२ मध्ये गेली.

उपग्रहाची मोठी अडचण अशी की तो एकदा वर गेला की गेला. दुकानातला काटा बिघडला तर साताऱ्याला दुरुस्तीस नेता येतो. सातशे किलोमीटर उंचीवरचा काटा कोण खाली आणणार? म्हणून त्याला वर असतानाच तपासण्याच्या युक्त्या कराव्या लागतात. सेरेसच्या पोटात ठरावीक तापमानाला ठेवलेला काळा पृष्ठभाग असतो आणि प्रमाण दिवाही असतो. उपकरण अधूनमधून त्यांच्याकडे पाहून आपले माप तपासते. शिवाय ते रिकाम्या अवकाशाकडे पाहते. तेथून जवळजवळ काहीच येत नाही, म्हणून तेवढा आकडा शून्य धरायचा. माल टाकण्याआधी रिकामे पारडे पाहावे तसे. पण खुद्द दिवाच मंदावला तर? आरसाच काळवंडला तर? म्हणून शेवटी दुसरा साक्षीदार लागतो.

साक्षीदार म्हटल्यावर नियम आले. ईदच्या चंद्राची खबर परगावाहून आली तर आपल्याकडचे बुजुर्ग काय विचारतात? कोणी पाहिला, कधी पाहिला, कोठे उभा राहून, आकाशाच्या कोणत्या बाजूला पाहिला. उपग्रहांची तुलना करतानाही हेच तीन प्रश्न आहेत: वेळ, जागा आणि दिशा. दोन उपग्रहांनी एकाच ढगाकडे, मिनिटांच्या अंतराने आणि एकाच कोनातून पाहिले तरच त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. ढग हलतो, बदलतो. आणि तोच ढग पूर्वेकडून पाहिला तर चकचकीत व पश्चिमेकडून पाहिला तर मळकट दिसू शकतो. तो फरक उपकरणाचा नव्हे, ढगाचा.

याचे भारताशी संबंध असलेले उत्तम उदाहरण म्हणजे मेघा-ट्रॉपिक्स. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून बनवलेला हा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. नावातला मेघ आपला आणि ट्रॉपिक्स त्यांचे. इतर असे बहुतेक उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात. हा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवरून, उष्ण प्रदेशावरच घिरट्या घालत असे. म्हणजे मोसमी पाऊस ज्यांचा प्राण आहे त्या आपल्यासारख्यांच्या डोक्यावरून. त्यावर 'स्काराब' नावाचे फ्रेंच उपकरण पृथ्वीचा जमाखर्च मोजण्यासाठी होते. ते बरोबर मोजते की नाही हे ठरवायला २०१२ साली अमेरिकेच्या टेरा उपग्रहावरील सेरेसची मदत घेतली. दोघांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात तेथे सेरेसची पाहण्याची दिशा मुद्दाम वळवली, म्हणजे दोन्ही उपकरणे तोच तुकडा त्याच कोनातून पाहतील. एका देशाचे उपकरण दुसऱ्या देशांच्या उपकरणासाठी मान वळवते, यात मला तरी मोठी गोष्ट दिसते. मेघा-ट्रॉपिक्सचे आयुष्य संपल्यावर ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने त्याला काळजीपूर्वक खाली आणून पॅसिफिक महासागरावर नष्ट केले.

पुण्यातही असे काम झाले आहे. सप्टेंबर २००२ मध्ये सोडलेल्या आणि पुढे कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ 'कल्पना-१' असे नाव मिळालेल्या उपग्रहाच्या नोंदींवरून, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या दीर्घ लहरींचा २००४ ते २०१२ चा संग्रह तयार केला. कल्पना हा ३६,००० किलोमीटरवर एका जागी स्थिर राहणारा. तो सगळी बाहेर जाणारी उष्णता मोजत नसे. ठरावीक लहरींच्या पट्ट्यांतच पाहत असे, आणि त्यावरून एकूण उष्णतेचा हिशेब काढावा लागे. शितावरून भाताची परीक्षा. अशी परीक्षा दुसऱ्या उपग्रहांच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी मान्य करीत नाही.

आता माझ्या मते या विषयातली सगळ्यांत बोधप्रद हकिकत. ती सूर्याच्या आकड्याची आहे.

सूर्याकडून येणारी ऊर्जा, म्हणजे आपली जमा, उपग्रहांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा १९७८ च्या निंबस-७ ने सुमारे १३७१ वॅट सांगितले. १९८० च्या सोलर मॅक्स उपग्रहाने १३६७ च्या आसपास. १९८४ च्या ईआरबीएसने १३६५. त्यानंतर आणखी उपकरणे गेली, आणि हळूहळू १३६५-१३६६ हा आकडा सर्वमान्य झाला. पुस्तकांत छापला गेला. मग २००३ साली सॉर्स नावाच्या उपग्रहावर 'टिम' हे नवे उपकरण गेले आणि त्याने आकडा दिला १३६१. सगळ्यांहून चार-पाच वॅटनी कमी!

मुलांनो, अशा वेळी काय वाटते? दहाजण एक सांगतात आणि नवा मुलगा वेगळेच सांगतो, म्हणजे नव्या मुलाचेच चुकले. लक्षात घ्या, सूर्य स्वतः अकरा वर्षांच्या फेऱ्यात जेमतेम ०.१ टक्का बदलतो, आणि येथे उपकरणांतला फरक त्याच्या तिपटीहून जास्त होता. काही वर्षे हा वाद चालला. कोणी मतदान घेतले नाही. सरासरीही काढली नाही. उपकरणांच्या जमिनीवर ठेवलेल्या प्रती अमेरिकेत कोलोरॅडोतील एका खास प्रयोगशाळेत, निर्वात पेटीत, अतिशीत तापमानाला चालणाऱ्या प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून एकाच प्रकाशझोतात तपासल्या. दोष सापडला तो असा. जुन्या उपकरणांत पुढचे छिद्र मोठे आणि नेमके मोजणारे लहान छिद्र आत होते. पुढच्या मोठ्या छिद्रातून जरुरीपेक्षा जास्त प्रकाश आत शिरे, आतल्या भिंतींवर विखुरला जाई आणि त्यातला थोडा मापाच्या पोकळीत घुसे. टिममध्ये नेमके छिद्र पुढेच ठेवले होते. नको असलेला प्रकाश बाहेरच अडे. इतकेच. खिडकीची फट आत असावी की बाहेर, एवढ्या गोष्टीवर जगभरच्या पुस्तकांतला आकडा चार वॅटनी वाढला होता. दावोसच्या संस्थेने बनवलेले एक उपकरण २०१० मध्ये पिकार्ड उपग्रहावरून गेले. ते सोडण्यापूर्वीच त्या नव्या प्रयोगशाळेत तपासून घेतले होते, आणि वर गेल्यावर त्यानेही टिमच्या बाजूनेच साक्ष दिली. २०११ साली १३६१ हा आकडा रीतसर मांडला गेला. त्यानंतर खुद्द दावोसचे प्रमाण मापही सुमारे ०.३ टक्क्याने जास्त भरते असे आढळले, आणि ते दावोसच्याच लोकांनी तपासून जाहीर केले. मला त्या लोकांचा फार आदर वाटतो.

जुनी उपकरणे एकमेकांशी का जुळत होती? त्यांत पुष्कळांची ठेवण एकसारखी होती म्हणून. ज्यांची घडण एक, त्यांची चूकही एक. एकाच घरातल्या चार भावांनी एकच साक्ष दिली तर न्यायाधीश त्या चार साक्षी धरीत नाही. म्हणून शास्त्रज्ञ वेगळ्या घडणीचा, वेगळ्या वाटेने आलेला साक्षीदार शोधतात. ही रीत आजची नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा मामून यांनी पृथ्वीच्या परिघाचा एक अंश किती लांब हे मोजायला सिंजारच्या मैदानात आपले ज्योतिषी पाठवले, तेव्हा एक तुकडी उत्तरेकडे आणि दुसरी दक्षिणेकडे गेली. दोहोंचे आकडे ताडून पाहिले गेले, आणि अंशाला ५६⅔ अरबी मैल ही नोंद त्या कामावरून प्रसिद्ध आहे.

फरक दिसला की त्याचे कारण प्रत्येक वेळी छिद्रातच असते असेही नाही. टेरावरच्या सेरेसच्या जोडीत एका उपकरणाची मान गोल फिरती ठेवत, दुसऱ्याची एकाच रेषेत. दोघे एकाच उपग्रहावर, एकाच वयाचे. तरी फिरत्याचे प्रकाशाच्या वाटेतले भाग जास्त मळले, आणि लघुलहरींचे त्याचे माप हळूहळू कमी येऊ लागले. जुळा भाऊ शेजारी होता म्हणून ते कळले. ईआरबीएसची गोष्ट आणखी निराळी. पंधरा वर्षांत तो उपग्रह ६११ किलोमीटर उंचीवरून ५८५ वर उतरला होता. जवळ आल्यामुळे पृथ्वी त्याला थोडी अधिक प्रखर दिसे. हा उतार हिशेबात धरून २००६ साली दुरुस्त आकडे काढले, तेव्हा उष्ण प्रदेशाच्या उष्णतेत पूर्वी जाहीर झालेला मोठा बदल बराच लहान ठरला. म्हणजे पृथ्वी जेवढी बदललेली दिसत होती, त्यातला काही भाग पाहणाऱ्याच्या जागेचा होता.

आता आपल्या एका रुपयाच्या शिल्लकेकडे येऊ. सेरेसचे माप उत्तम आहे, तरी लघुलहरींत सुमारे एक टक्का आणि दीर्घलहरींत अर्धा टक्का इधरउधर होऊ शकते. १०० चा एक टक्का म्हणजे एक वॅट, २४० चा अर्धा टक्का म्हणजे १.२ वॅट. उपग्रहांच्या मूळ नोंदी तशाच जमाखर्चात घातल्या तर शिल्लक चार वॅटच्या आसपास येते. ती खरी नाही. एवढी उष्णता साठली असती तर समुद्र आहे त्यापेक्षा कितीतरी वेगाने तापला असता.

म्हणून वेगळ्या वाटेचा साक्षीदार समुद्रातून आणला. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के समुद्रात जाते. जगाच्या समुद्रांत 'अर्गो' नावाचे हजारो तरंगते यंत्रमापक सोडलेले आहेत. २००७ च्या अखेरीस त्यांची संख्या ३००० झाली. प्रत्येक मापक दोन किलोमीटर खोल बुडी मारतो, वर येताना पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजतो आणि दर दहा दिवसांनी उपग्रहाला कळवतो. भारताचाही या कामात हैदराबादच्या संस्थेमार्फत वाटा आहे. समुद्र दरवर्षी किती तापला यावरून खरी शिल्लक निघते, आणि उपग्रहाच्या जमाखर्चाची एकूण पातळी तिच्याशी जुळवून घेतात. हे झाकून ठेवलेले नाही. संग्रहाबरोबर स्पष्ट लिहिलेले असते.

येथे हुशार विद्यार्थ्याने शंका काढावी. उपग्रहाचा आकडा समुद्राशी जुळवून घेतला, तर मग उपग्रहाने सांगितले काय? उत्तर असे: पातळी समुद्राने ठरवली, पण वर्षागणिक चढउतार उपग्रहाचा स्वतःचा आहे. पासंग असलेला तराजू वजन चुकीचे सांगेल, परंतु पासंग तोच राहिला तर कालच्यापेक्षा आज बकरू किती वाढले हे बरोबर सांगेल. २०२१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००५ ते २०१९ या काळाचे दोन्ही हिशेब शेजारी ठेवले. एकीकडे आकाशातून मोजलेला, दुसरीकडे पाण्यात बुडून मोजलेला. दोन्हींचा चढ जवळजवळ सारखा निघाला: शिल्लक अर्ध्या वॅटच्या खालून एक वॅटच्या वर गेली, म्हणजे या काळात सुमारे दुप्पट झाली. एका उपकरणाला प्रकाश कळतो, दुसऱ्याला पाण्याचे तापमान. त्यांची घडण एक नाही, म्हणून त्यांची चूकही एक असण्याचे कारण नाही. अंदाजाला थोडी जागा आहे, पण एवढ्यावर तो रुपया खरा आहे असे म्हणता येते.

पुढची काळजी निराळी आहे. टेरा आणि ॲक्वा आता म्हातारे झाले. इंधन संपत आल्याने त्यांच्या कक्षा सरकू लागल्या आहेत. सेरेसचे शेवटचे उपकरण नोव्हेंबर २०१७ मध्ये एनओएए-२० या उपग्रहावर गेले. त्याच्या जागी 'लिबेरा' नावाचे नवे उपकरण पाठवायचे ठरले आहे. जुने बंद पडण्यापूर्वी नवे वर पोचले, दोघांनी काही काळ शेजारी राहून एकच ढग मोजला, तरच साखळी अखंड राहते. मध्ये खंड पडला तर नव्या आणि जुन्या आकड्यांतला फरक पृथ्वीचा की उपकरणाचा, हे पुन्हा कोणाला ठरवता येणार नाही. चोपडी एका मुनिमाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघांना एक दिवस तरी एका गादीवर बसवावे लागते, तसे हे आहे.

शेवटी आपल्या शाळेतली एक लहानशी गोष्ट सांगतो. नववीच्या मुलांनी दोन थर्मामीटर लावून रोज दुपारी नोंद ठेवायची असे ठरवले होते. एक व्हरांड्यात, एक मागच्या भिंतीला. आठवडाभर दोहोंत दोन अंशांचा फरक येत राहिला. बहुतेक मुले म्हणाली, सर, सरासरी काढून वहीत लिहू या. काहींनी तर व्हरांड्यातला आकडाच दोन्ही रकान्यांत लिहायची तयारी दाखवली, म्हणजे प्रश्नच मिटला. प्रयोगाच्या वह्यांत असे "जुळवलेले" आकडे किती असतात हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. पण एका मुलीने विचारले, सर, थर्मामीटर बदलून टांगले तर? तसे केले. फरक थर्मामीटरबरोबर गेला नाही. तो भिंतीजवळच राहिला. ती भिंत पश्चिमेची, दुपारनंतरचे ऊन खाणारी. दोन्ही थर्मामीटर चांगले होते.

त्या वहीची पाने या मेळाव्यानंतर मागच्या वर्गखोलीत मांडून ठेवली आहेत. पालकांनी जाता जाता अवश्य पाहावीत. खाडाखोड आहे, ती तशीच राहू दिली आहे. ज्यांच्या घरी जुना चालू थर्मामीटर पडून असेल त्यांनी तो शाळेला द्यावा; तिसऱ्या साक्षीदाराची आम्हांला गरज आहे. आणि दहावीनंतर शास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुला-मुलींनी मला भेटावे. पुण्याच्या हवामान खात्याची प्रयोगशाळा आणि उष्णदेशीय हवामान संस्था येथपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहेत. परवानगी मिळाली तर दिवाळीच्या सुटीनंतर सहल काढण्याचा विचार आहे.